पूर्वेकडचा उतार

तोगाशी आणि बांदो होक्काइदोतल्या एकाच गावचे. दोघेही लोकांना स्कीवर डोंगरात नेणारे वाटाडे, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तोगाशीने एखाद्या वाटेला जाऊ नको म्हटलं, की बांदो मुद्दाम तिकडेच जायचा.

त्या सकाळी तोगाशीने पूर्वेकडच्या उतारावर बर्फ खणून पाहिला. ताज्या थराखाली साखरेसारखा सुटा बर्फ होता. फावड्याचा जरासा धक्का लागला आणि वरची लादीच्या लादी घसरून आली. तो खाली उतरला, तर बांदो गिऱ्हाइकं घेऊन त्याच उताराकडे निघालेला.

"काय रे, आजही घाबरवणार का लोकांना?" बांदोने सगळ्यांदेखत टोमणा मारला.

"छे. आज उतार पक्का आहे, ने बिनधास्त," तोगाशी म्हणाला.

बांदोने डोळे बारीक केले. "तू एवढं प्रेमाने सांगतोयस म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे," म्हणत त्याने माणसं खालच्या रानाकडे वळवली.

दुपारी तो अख्खा उतार कोसळला.

"त्या तोगाशीने आम्हाला मरायला पाठवलं होतं," बांदो गावभर सांगत सुटला. संध्याकाळी रामेनच्या दुकानात तोगाशी बसला, तसे शेजारचे आपापले वाडगे उचलून दुसरीकडे गेले.

"अहो, खरं काय ते सांगून का टाकत नाही?" घरी आल्यावर बायको मित्सुए रडकुंडीला येऊन म्हणाली.

"सांगितलं, तर पुढच्या वेळी तो गाढव वाचायचा कसा?"