आईवर लावलेली गिटार

विनीता बाथरूममधून परत येईपर्यंत श्रीरामने तिच्या गिटारच्या सगळ्या तारा लावून टाकल्या.

डब्लिनच्या मराठी मंडळाचा गणपती यंदाही शाळेच्या कॅफेटेरियात बसला होता आणि ज्यूसच्या मशीनमागच्या कोपऱ्याला सगळे ग्रीनरूम म्हणत होते. मंडळाचं नाव काढलं की खोलीचं दार लावून घेणारी सोळा वर्षांची लेक या वेळी आपणहून वाजवते म्हणाली होती. आज काही बिनसलं, तर ती पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाही, ही श्रीरामची धास्ती. आणि बघतो तर काय, गिटारच्या तारा पार उतरलेल्या!

लेकीशी बोलायला काहीतरी विषय असावा म्हणून त्याने लायब्ररीतून पुस्तक आणून गिटार कशी लावतात ते पाठ केलं होतं. सुराची छोटी शिट्टीही खिशात होती. पुण्यात वडील गायला बसायचे, तेव्हा तंबोरा श्रीरामच लावून द्यायचा. कलाकाराने नुसतं येऊन बसावं, वाद्य घरच्यांनी तयार ठेवावं, ही त्याच्या घरची रीत.

विनीता स्टेजवर बसली. तिने सगळ्या तारांवरून हात फिरवला आणि दचकली. पुन्हा फिरवला. मागे कुणीतरी हसलं.

"बाबा, डिड यू टच इट?"

"अगं, तारा उतरल्या होत्या. नीट लावून दिल्या!" पहिल्या रांगेतून श्रीराम ऐटीत म्हणाला.

"इट्स सपोज्ड टू बी लाइक दॅट! ओपन ट्यूनिंग आहे ते. मोकळ्या तारांवरच कॉर्ड वाजतो."

न दाबता कॉर्ड? पुस्तकात असलं काही नव्हतं. श्रीराम गडबडला. "बरं, मग परत उतरवू. सूर कुठला ते सांग."

"आय डोन्ट नो!" तिचा आवाज चिरकला. "मला नोट्स कुठे येतात अजून? मी ती आईवर ट्यून केली होती."

श्रीरामला काही म्हणजे काही उमजेना. गिटार बायकोवर कशी लावतात?

"आई, तू किचनमध्ये गुणगुणतेस ना, तो सूर. प्लीज दे ना."

"मी?" बायकांच्या घोळक्यातून सुचित्रा गोंधळून उठली. "मी कुठे गं गुणगुणते?"

"रोज! भाजी करताना."

सुचित्राने घसा खाकरून आरतीची ओळ धरली. विनीताने मान हलवली. दुसरी धरली. तीही नाही. विनीताचे डोळे भरून आले आणि तिने गिटार उचलून उठायची तयारी केली.

"थांब गं," सुचित्रा म्हणाली. तिने डोळे मिटले. अख्ख्या मंडळासमोर तिचा उजवा हात रिकाम्या हवेत सावकाश गोल फिरू लागला, कढईत उलथनं फिरतं तसा. मग कुठूनसा तो सूर आला. बारीक, पण सरळ.

विनीता झटकन बसली आणि एकेक तार सैल करत त्या सुरापाशी आणू लागली.

"वहिनी गातात?" शेजारी बसलेला राजाराम कुजबुजला. "कधी बोलला नाहीस तू."

श्रीरामने हातानेच त्याला थांबवलं आणि सुचित्राचा सूर ऐकू लागला.