नायक का बिघडला

दिवे लागले, माणसं कुरकुरत उठायला लागली, तेव्हा कुठे समीक्षकांचे डोळे उघडले. पहिल्या दहा मिनिटांतच मिटले होते. त्यांनी आधी चष्मा सारखा केला आणि मग चेहरा. चेहरा नेहमीचाच, नासलेलं दूध हुंगल्यासारखा.

शेजारी बाई बसल्या होत्या. बाई त्यांच्याच वर्तमानपत्रात उपसंपादक. समीक्षकांचं गिचमिड अक्षर लावायचं, टाइप करायचं, नावं तपासायची आणि वर बोलणी खायची, हे त्या अकरा वर्षं करत होत्या.

"फुकट गेली सकाळ," पुढच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

"आत्ता कळलं?" समीक्षकांनी घड्याळ पाहिलं. समीक्षकांसाठी ठेवलेला प्रदर्शनाआधीचा खास खेळ सव्वा तासात उरकला होता. ग्रहांच्या मारामाऱ्यांच्या सिनेमाचा हा तिसरा भाग, 'यात नायक बिघडतो' म्हणून जाहिरातीत गाजवलेला, निदान आटोपशीर तरी होता.

दारात निर्मात्याचा माणूस हात जोडून उभा. "माफ करा साहेब, फार वाईट वाटतंय आम्हाला."

"वाटायलाच हवं!" समीक्षक म्हणाले आणि तो पुढे काय सांगतोय ते न ऐकताच जिना उतरले. निर्मात्याच्या हुजऱ्यांशी ते बोलत नसत. इतर समीक्षकांशी तर मुळीच नाही. एकजात भाट सगळे, असं त्यांचं मत, आणि तसं ते छापूनही मोकळे झाले होते.

ऑफिसात त्यांना तिरसिंगराव म्हणत, अर्थात पाठीमागे. गेल्याच महिन्यात संपादकांनी त्यांना आत बोलावून चांगलंच सुनावलं होतं. एका परीक्षणात तिरसिंगरावांनी पूर्वार्धात मेलेल्या माणसाचं शेवटी लग्न लावून दिलं होतं. "थेटरात झोपता म्हणे तुम्ही. पुन्हा न बघता लिहिलेलं सापडलं, तर सदर बंद. त्याच दिवशी."

अठ्ठावीस वर्षांचं सदर. बायको माहेरी गेली ती गेलीच, मुलगा फोन उचलत नाही. तो पानावरचा कोपरा गेला, तर आपल्याला काळं कुत्रं विचारणार नाही, हे समीक्षकांना पक्कं ठाऊक होतं. त्याची त्यांना भयंकर भीती वाटायची. पण म्हणून झोप थोडीच थांबते?

त्यावर त्यांनी एक युक्ती काढली होती. काय झालं, असं विचारायचंच नाही. परीक्षा घ्यायची.

समोरच्या कॉफीच्या दुकानात बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली. "बोला बाई. नायक का बिघडला? बघू तुम्हाला कितपत कळलंय."

"तुम्ही पाहिलंतच की, सर."

"मी पाहिलं हो! तुम्ही काय दिवे लावलेत ते विचारतोय."

बाई बराच वेळ कॉफी ढवळत राहिल्या. मग सांगायला लागल्या. "तो सेनापतीचा उजवा हात ना. लढाया हा आखतो, नाव सेनापतीचं होतं. वर चारचौघांत पाणउतारा. मग एक दिवस यानाला भगदाड पडतं. पुढच्या दालनात हवा उरलेली नाही, हे फक्त नायकाला माहीत असतं. सेनापती तिकडे निघतो."

"आणि हा ढकलतो."

"छे, हातसुद्धा लावत नाही. नुसता गप्प बसतो. सेनापती आपल्या पायानं जातो, आपल्या हातानं दार उघडतो."

"आणि एवढ्यावर हा दुष्ट झाला?"

"तिथून सुरू होतं, सर. पुढे मग ग्रहबिह जाळतो."

समीक्षक इतके हसले की बाजूच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. "अहो, हा खलनायक की कारकून? गप्प बसून कुणी राक्षस होतं का? मग आपल्या ऑफिसात राक्षसांना बसायला खुर्च्या पुरणार नाहीत!"

"मला पटलं ते."

"पटणारच. तुम्हाला काहीही पटतं. म्हणून तर अकरा वर्षं दुसऱ्याचं टाइप करताय."

बाईंनी कप खाली ठेवला. "सर, एकदा निर्मात्याच्या माणसाला फोन करून तपासून घेऊ का? नेहमी घेते तसं."

"त्या लाळघोट्याला? काही गरज नाही. मी सांगतो तेवढं करा."

"बरं," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी समीक्षकांनी चार पानं खरडली. अगदी मूड लागला होता. 'ज्याला धड ढकलताही येत नाही, अशा शेळपटाचं हे अधःपतन! तो दाराचा प्रसंग पाहून चीड येत नाही, जांभई येते. लांबी तेवढी आटोक्यात ठेवली, हे दिग्दर्शकाचे उपकार.' बाईंनी सगळं मन लावून टाइप केलं. एक वेलांटी इकडची तिकडे होऊ दिली नाही.

सकाळी ऑफिसात फोन खणखणत होते. झोंबलं वाटतं, म्हणून समीक्षक खुशीत होते. संपादकांचं बोलावणं आलं, तेव्हा ते शिपायाकडे बघून चक्क हसले.

संपादकांसमोर अंक पसरलेला होता. बाई फाइल घेऊन कडेला उभ्या होत्या.

"हा दाराचा प्रसंग," संपादकांनी ओळीवर बोट ठेवलं, "तुम्ही स्वतः पाहिलात?"

"म्हणजे काय! याच डोळ्यांनी. शेवटच्या पाट्या संपेपर्यंत हललो नाही जागचा. या बाईंनाच विचारा."

संपादकांनी बाईंकडे पाहिलंही नाही. त्यांनी अंकाची घडी घातली.

"काल प्रोजेक्टर निम्म्यातच जळाला. नायक बिघडतो तो भाग अजून कुणालाच दाखवलेला नाही."