टेम्पोचा नंबर

सात रस्ता चौकात मीनाबाईंच्या नवनाथला टेम्पोनं उडवलं. पोरगं जागीच गेलं, टेम्पो पळाला. समोरच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. पण ती फाईल कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्याच प्लेअरवर चालायची, आणि ती कंपनी कधीच बंद पडलेली. टेम्पोचा नंबर मिळाला नाही तर केस बंद होईल, असं पोलिसांनी सांगितलं. तेव्हापासून मीनाबाई पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधून कॉम्प्युटरची दुकानं पालथी घालत होत्या.

"कंपनीवाले कुलूप लावलं अन् किल्ली घेऊन पळाले की हो, मावशी," अशाच एका दुकानातला दिग्विजय म्हणाला. तो इंटरनेटवरून एकामागून एक फुकटचे प्लेअर उतरवून बघत होता. एकात नुसते हिरवे पट्टे आले, दुसऱ्यात काळोख.

"जगाची भांडणं बरी दिसत्यात रं तुज्या डब्यात. माज्या पोराचं तेवढं दिसंना व्हय?"

तिसरा प्लेअर मात्र चालला. चौक दिसला. जेवणाचा डबा घेऊन रस्ता ओलांडणारा नवनाथ दिसला, आणि मग टेम्पो. दिग्विजयनं तिथंच चित्र थांबवून मोठं केलं. नंबर लख्ख दिसत होता.

"सापडला, मावशी! लिहून देऊ का?"

मीनाबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.



"त्ये ऱ्हाऊ दे. मागं घे बाबा. त्यो घरातनं निघतुय न्हवं, तितपत्तूर मागं घे."