नुसतं 'साभार'

पीएचडीच्या तोंडी परीक्षेसाठी सोलापुरात आलेल्या परीक्षक बाईंनी ऋतुजाच्या प्रबंधातलं एक पान तिच्यापुढं सरकवलं. मेंढराची लोकर कातरणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो, आणि खाली नुसतं 'साभार'.

"साभार म्हणजे कुणाचे आभार गं? हा फोटो मी काढलाय, माझ्या पुस्तकात छापलाय. मला तर कुणी विचारलं नाही!"

ऋतुजाच्या तोंडचं पाणी पळालं. फोटो तिला तिच्या मार्गदर्शक सरांनीच दिला होता. "अगं, माझाच आहे की! बिनधास्त वापर. नाव कशाला घालतेस, नुसतं साभार लिही," असं हसत म्हणाले होते. आता खरं सांगावं, तर सरांची अब्रू जाणार. गप्प बसावं, तर पदवी हातची जाणार. तिकडं गावी, केमला, आई निकालाच्या वाटेकडं डोळे लावून सकाळपासून फोन हातात धरून बसलेली. भेदरलेल्या नजरेनं ऋतुजानं शेजारी बसलेल्या सरांकडं पाहिलं.

सर घसा खाकरून उठले. ऋतुजाच्या जिवात जीव आला.



"माफ करा मॅडम. दुसऱ्याचे फोटो उचलू नकोस म्हणून हिला मी लई वेळा बजावलं होतं."