रोजचा धडा

गळ्यात 'रोजचा धडा' असा बिल्ला घातलेला माणूस सापडेपर्यंत जेवायचं नाही, असं तिने सकाळीच ठरवलं होतं. आता दीड वाजला होता, पोटात कावळे ओरडत होते आणि ब्लॉग लिहिणाऱ्या दोनशे जणांच्या त्या गर्दीत तो काही दिसत नव्हता. संमेलनात कुणाच्याच बिल्ल्यावर माणसाचं नाव नव्हतं, ब्लॉगचं होतं. तिच्या बिल्ल्यावर 'उलटी बाजू'.

ती कपडे आल्टर करायची. कपडा कुठे उसवला, कुठे दाबून घेतला, हे उलट्या बाजूनेच कळतं. माणसांचंही तसंच, असं तिचं म्हणणं. रोज दुकान बंद केलं की ती दहा-बारा ओळी लिहायची, चार वर्षं. आणि महिन्याभरापूर्वी तिला कळलं की त्यातली दोन वर्षं तिचा प्रत्येक लेख दुसऱ्या दिवशी 'रोजचा धडा' नावाच्या ब्लॉगवर जातोय. तिचा उल्लेखसुद्धा नाही.

पुरावा म्हणून तिने त्या ब्लॉगवरचं सगळं छापून फाईल केली होती. सुरुवातीला त्या चोराला निदान लाज होती. वाक्यं अर्धी तोडलेली, शब्द इकडचे तिकडे केलेले, म्हणजे ओळखू येऊ नये. तिने त्यांच्याखाली लाल रेघा मारल्या होत्या. पुढे त्याची भीड चेपली. शेवटचे दोन महिने तर स्वल्पविरामसुद्धा तिचाच.

"अगं, कुणी वाचत तरी होतं का? चोरीला गेलं हेच विशेष," नवरा म्हणाला होता. थट्टाच ती, पण तिला लागली. कारण तीन आठवड्यांपूर्वी तिने लिहिणं थांबवलं, आणि का थांबलीस म्हणून कुणी विचारलं नाही. त्यानेही नाही. संमेलनाच्या यादीत चोराच्या ब्लॉगचं नाव दिसलं तेव्हा तिने ठरवलं, त्याला चारचौघांत धरायचं आणि घरी जाऊन आपला ब्लॉग पुसून टाकायचा. एकदाची कटकट मिटेल.

पण इथे आल्यापासून तिचा नुसता गोंधळ उडाला होता. एकटीने असं कुठे जायची सवय नव्हती. पहिला तास ती चुकीच्या खोलीत बसली. तिथे कॅमेऱ्यासमोर कसं हसावं ते शिकवत होते. उठून जायला संकोच वाटला, म्हणून ती हसलीही. मग एका मुलीने विचारलं, "तुमचं ट्रॅफिक किती आहे?" ती म्हणाली, "नाही हो, रस्ता मोकळाच होता." मुलगी निघून गेल्यावर आपलं काहीतरी चुकलं एवढंच तिला कळलं.

दाराजवळच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सकाळपासून तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे टक लावून. ती तीनदा त्यांच्यासमोरून गेली होती. त्यांचा बिल्ला फिरून कोरी बाजू वर आली होती. आता त्यांनी डाव्या हाताने तो सरळ केला, आणि ती जागच्या जागी थांबली.

तिने फाईल त्यांच्या मांडीवर ठेवली. "काका, हे तुमचंच ना?"

त्यांनी एक पान उलटलं, मग दुसरं. त्यांचा चेहरा एकदम खुलला. चोराने निदान मान खाली घालायला हवी होती.

"माझं," ते म्हणाले. मग तिचा बिल्ला बोटाने एकेक अक्षर धरून वाचला आणि मान हलवली. "नाही. तुमचं."

खिशातून त्यांनी एक कार्ड काढून दिलं. त्यावर लिहिलं होतं: 'माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. बोलायला वेळ लागतो. कृपया थांबा.'

ती थांबली.

"डॉक्टर म्हणाले... रोज थोडं... बघून लिहा," ते म्हणाले. "मुलगी दूर. ती तिकडून... बघते. झालं का आज." त्यांनी दम घेतला. "तुमचं नाव... घालायचं राहिलं. चुकलं."

तिने फाईल परत हातात घेतली. पहिल्या पानावर लाल रेघा होत्या, तुटलेल्या वाक्यांखाली. पन्नासाव्या पानावर त्या कमी झाल्या होत्या. शेवटच्या पानावर एकही नव्हती. त्यांनी काही लपवलं नव्हतं. तेव्हा त्यांना येतच नव्हतं.

तिने बाजूची खुर्ची ओढली आणि बसली. शेजारून लोक ताटं घेऊन जात होते.

"तीन आठवडे... धडा नाही," ते म्हणाले. "म्हणून आलो."

"धडा मिळेल म्हणून? इथे?"

"तुम्ही भेटाल... म्हणून. यादीत होतं... उलटी बाजू."

त्यांनी फोन काढला. बऱ्याच वेळाने हवं ते सापडलं आणि त्यांनी तो तिच्यापुढे धरला. तो कलंडायला लागला, म्हणून तिने खालून आधार दिला.

"हे बघून... नाही लिहिलं. माझं आहे. मुलीलाही... दाखवलं नाही."

एकाखाली एक एकवीस तारखा होत्या. प्रत्येक तारखेखाली तीच ओळ पुन्हा नव्याने लिहिलेली: 'आज बाईंनी काही लिहिलं नाही. बऱ्या असतील ना?'