खिळ्यावरचा नान

ओयखॉनबुवीनं तंदूरमधून काढलेला नान नातवापुढे धरला. "चाव."

इलयोरनं आधी बापाकडे बघितलं.

बुवीच्या मनात पाल चुकचुकली. नान चावायला कुणाची परवानगी लागते?

दारात मोटार उभी होती. ताश्कंदला मुष्टियुद्धाची फायनल, अंदिजानकडून इलयोर. दुधाचे दात पडायच्या आधीपासून नुरमतनं पोराच्या मुठींना पट्ट्या बांधल्या होत्या. त्यानं कधी खायचं, कधी झोपायचं, सगळं बाप ठरवायचा. पण निघणाऱ्यानं नान चावून जायचं, उरलेला खिळ्याला टांगायचा आणि परतल्यावर त्यानंच तो संपवायचा, हे या घरात बुवी ठरवायची.

इलयोरनं बोटांनी तुकडा तोडला.

"तोडून पाहुणे खातात. तू चाव."

"आई, मोटारवाला खोळंबलाय," नुरमत म्हणाला. "आणि त्याला वजन उतरवायचंय."

"वजनाचं मला सांगू नकोस. वजन उतरवणारा वाट्या वाट्या चरबीचा रस्सा ढोसतो? परवापासून पोरगं नुसतं पितंय. पलाव केला, शिवला नाही. आणि हा मफलर? जर्दाळू पिकलेत, माणसं उन्हात भाजतायत, आणि याच्या गळ्यात लोकर!"

"घाम यावा म्हणून, आई."

"घाम तुला फुटलाय."

"मी चावतो, बुवी," इलयोर ओठांतल्या ओठांत म्हणाला. "तुम्ही भांडू नका."

त्यानं नान तोंडाला लावला. डोळ्यांत पाणी आलं. नान होता तसाच राहिला, कड तेवढी ओली झाली.

बुवीनं नान काढून घेतला आणि मफलर खाली ओढला. जबडा कानापर्यंत सुजून काळानिळा पडला होता.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"सरावात लागलंय थोडं," नुरमत घाईनं म्हणाला. "डॉक्टर काय, खेळू नको म्हणणार. एवढी एक लढत होऊ द्या. मग महिनाभर रस्सा पाजा."

बुवी हलली नाही. नान तिच्या हातात तसाच.

नुरमतनं तो हिसकावला आणि कचकन चावला. "हे घ्या! चावला. झालं समाधान? टांगा आता."

बुवीनं नान निरखून बघितला. नुरमतचे पुढचे दोन दात त्याच्या खेळायच्या दिवसांतच गेले होते. चाव्याच्या मधोमध नानाचं बोटभर टोक तसंच उभं होतं. सगळ्या गल्लीनं ओळखावा असा चावा.

तिनं नान खिळ्याला टांगला. मग इलयोरच्या खांद्यावरची हातमोज्यांची जोडी काढून नुरमतच्या गळ्यात अडकवली.

"चावला त्यानं जायचं. जा, मोटारवाला खोळंबलाय."

बाहेर भोंगा वाजला. नुरमत तसाच उभा.

इलयोर ओट्यावर बसला. मघाशी तोडलेला तुकडा त्यानं चहाच्या वाडग्यात बुडवला. या वेळी त्यानं बापाकडे बघितलं नाही.