गुनवोर कोर सोडते

"लेखणीला हात लाव, आई. नुसता टेकवायचा, बास," आस्लाक म्हणाला.

गुनवोरला वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. आमच्याकडे अशा बायका काही कमी नव्हत्या. मास्तरांनी तिच्या नावाने सही करायची, तिने त्यांच्या लेखणीवर दोन बोटं ठेवायची, की झालं. कायद्याला तेवढं पुरतं. मास्तर शाई ढवळत बसले होते. गुनवोरचे हात मांडीवरच होते.

कागद नॉर्वेला जायचा होता. तिकडे डोंगरात आस्लाकची वाडवडिलांची शेती होती. तीन वर्षांपूर्वी ती चुलतभावाच्या, तारयाईच्या, हवाली करून हे सगळे अमेरिकेत, डाकोटाच्या या गवताळ माळावर आले. आता तारयाई ती विकतच घेतो म्हणत होता. अट एकच. त्या शेतीवर म्हातारीचं कोर होतं, ते तिने सोडायचं.

कोर म्हणजे म्हातारपणाचा हक्क. शेती मुलाच्या हाती गेली की आईबापांना अंगणापलीकडचं छोटं घर, रोजचं दूध, वर्षाचं धान्य, जळण. मरेपर्यंत, आणि सगळं कागदावर मोजमापासकट. शेती कुणीही घेवो, कोर तिला चिकटलेलंच असतं. गुनवोरच्या नावावर साऱ्या जगात तेवढं एकच होतं.

"आई, तुम्ही काय परत जाणार आहात का तिकडे?" सून मार्गित चुलीपाशी गवताच्या पेंढ्या पिळत म्हणाली. या माळावर झाडच नाही, तर गवतच जाळायचं. "येताना अकरा दिवस बादलीत तोंड घालून होतात. बोटवालेच चढू द्यायचे नाहीत तुम्हाला!"

"नाही जाणार," गुनवोर म्हणाली.

खरंच जाणार नव्हती. तिकडच्या घराचंसुद्धा तिला काही वाटेनासं झालं होतं. डोळे मिटले तरी आताशा डोंगर दिसत नसे, गवतच दिसे. सलग दोन वर्षं टोळांनी पीक फस्त केलं तेव्हा मार्गित छाती पिटून रडली. ही दारात उभी राहून कमरेला बांधलेल्या फडक्यावरचे टोळ झटकत राहिली, बस. थंडीने बोटं होतात तशी ती आतून बधिर झाली होती. दुखत नव्हतं, हेही तिच्या लक्षात येत नव्हतं.

आस्लाक काही वाईट नव्हता. खरं सांगायचं तर वसाहतीत त्याच्याइतका सरळ माणूस दुसरा नव्हता. "हे पैसे आले की बैलजोडी घेतो," तो म्हणाला, "आणि लाकडी घर बांधतो, तिकडे विहिरीपाशी. मग हे मातीचं घर सगळं तुझं एकटीचं. कुणाची कटकट नाही."

"म्हणजे अंगणापलीकडे."

"हो. अगदी गावाकडच्यासारखं."

 गुनवोर मास्तरांकडे वळली. "लावते हात. पण आधी दुसरा कागद लिहा. माझं इथलं कोर. या जमिनीवर."

मास्तरांनी लेखणी खाली ठेवली. आस्लाकचा चेहरा लालबुंद झाला. "आई! पोटच्या पोराकडून कागद लिहून घेतेस? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. आणि अमेरिकेत असलं काही नसतं!"

"आणि मी काय उपाशी मारणार आहे तुम्हाला?" मार्गितने झाकण आपटलं. "काल साखरेचा शेवटचा खडा कुणाच्या कॉफीत गेला, सांगा की मास्तरांना!"

"माझ्या," गुनवोर म्हणाली. "गुणाची आहेस तू, मार्गित." टोमणा नव्हता तो. "मीसुद्धा गुणाचीच होते."

 मार्गित पाठ फिरवून चुलीकडे बघत राहिली. तिच्या मनाला लागलं होतं. शेवटी आस्लाकनेच हात झटकले. "लिहा मास्तर, तिला हवं ते लिहा. सांग आई, दूध किती, पीठ किती?"

"दूध लिहू नका. पीठ नको, जळणही नको. तेवढं तुम्ही द्याल."

"मग काय लिहायचं?"

"मी हाक मारली की ओ द्यायची. दिवस असो, रात्र असो. एवढंच."

मास्तर घुटमळले. तिकडे नॉर्वेत तीस वर्षांत त्यांनी कितीतरी कोरं लिहिली होती. मेंढीची लोकर, बटाटे, चर्चला जायला घोडा, एकदा तर प्रेतावर घालायचं पांढरं कापडसुद्धा. "गुनवोरबाई," ते म्हणाले, "असलं काही कोरात लिहीत नाहीत हो."

"ठाऊक आहे मला." तिचा आवाज होता तसाच होता. "माझ्या सासूच्या कागदातही नव्हतं. दूध होतं, लाकडं होती. सगळं वेळेवर पोचवलं मी, थेंबभर कमी नाही. शेवटचा सबंध हिवाळा ती अंगणापलीकडून हाका मारत होती. कागदात नव्हतं, म्हणून मी ओ दिली नाही."